घोडा ऐकू आला पाहिजे

इंडियानातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, त्यातला गाभा असा:

"ताई, आमच्याकडे दोन घोडे आहेत. माझा राजा, १४ वर्षांचा, क्वार्टर हॉर्स जातीचा, आणि माझ्या १२ वर्षांच्या लेकीची मनी, हाफलिंगर जातीची घोडी. इतकी वर्षं बार्नच्या आसपासच फिरवतो. यंदा मे अखेरच्या लाँग वीकेंडला हूझियर नॅशनल फॉरेस्टमधल्या हॉर्स कॅम्पात तीन रात्री राहायचं ठरवलंय. मी आणि लेक, दोघीच. नवऱ्याला घोड्यांची आवड नाही, तो घरीच थांबणार. तो म्हणतो, दोनशे डॉलरचा तंबू घ्या आणि जा. बार्नवरची मैत्रीण म्हणते, तंबूत झोपलीस तर पाठ धरेल. एक वापरलेला १७ फुटी कॅम्पर (गाडीमागे ओढायची झोपायची खोली) ९ हजारांत मिळतोय, तो घेऊन टाक. माझी पाठ खरंच दुखते आणि लेकीला अंधाराची भीती वाटते. आमच्याकडे दोन घोड्यांचा साधा ट्रेलर आणि हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पिकअप आहे. पैसे बाजूला ठेवलेत, पण चुकीच्या ठिकाणी घालायचे नाहीत. काय घेऊ?"

तुमच्या पत्रात निम्मं उत्तर आलेलंच आहे, फक्त ते तुम्ही दोन वेगळ्या ओळींत लिहिलंय. एका ओळीत "दोघीच" आणि दुसरीत "एक पिकअप". त्या पिकअपला मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची कडी, एकच. तिला घोड्यांचा ट्रेलर जोडला की कॅम्पर कशाला जोडणार? ट्रेलरच्या मागे आणखी एक ट्रेलर ओढण्याचे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत, पण नियम काहीही असोत, जिवंत घोडे आत उभे असताना त्यांच्या मागे आणखी काही जोडायचं नाही. म्हणजे कॅम्पर घेतलात तर दुसरी गाडी हवी, ती चालवणारा दुसरा माणूस हवा. तो माणूस घरी थांबणार आहे. मैत्रिणीचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तिच्या घरात बहुधा दोन गाड्या आणि दोन चालक कॅम्पला निघत असतील. तुमच्या घरात तसं नाही.

मग लोक काय करतात? कुणी घोड्यांच्या ट्रेलरलाच पुढे खोली असलेलं लिव्हिंग क्वार्टर्स घेतं. कुणी पिकअपच्या हौद्यात बसणारा स्लाइड-इन कॅम्पर टाकतं. दोन्ही छान असतं, पण तुमच्या हाफ-टनवर नाही. माझं ऐकू नका, गाडीचंच ऐका. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. धरून चालू की १,५०० आहे. आता तुमचा ट्रेलर रिकामा ३,४०० पौंड असेल, राजा १,१००, मनी ९५०. चार दिवसांची वैरण १६० पौंड, वीस गॅलन पाणी म्हणजे आणखी १६६, दोन खोगिरं, बादल्या, दोर. मागचं ओझं ५,८००च्या पुढे गेलं. यातलं दहा ते पंधरा टक्के वजन हिचवर, म्हणजे थेट पिकअपच्या पाठीवर येतं. सातशे धरा. राहिले आठशे. त्यात तुम्ही दोघी, कूलर, तंबू, खाटा, शिधा. जे तीनशे-साडेतीनशे उरतात ते घाटातल्या उतारासाठी राखून ठेवायचे असतात. त्यावर दीड-दोन हजार पौंडांचा स्लाइड-इन चढवायचा विचारसुद्धा नको. लिव्हिंग क्वार्टर्सला तर थ्री-क्वार्टर टन किंवा एक टनाचा ट्रक लागतो, आणि मग नऊ हजारांची गोष्ट उरत नाही.

तेव्हा या मे महिन्यापुरतं उत्तर: तंबू. नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यामागचं त्याचं कारण मला पटत नाही. स्वस्त पडतं म्हणून तंबू घेऊ नका. तंबूतून घोडा ऐकू येतो म्हणून घ्या.

हे मी फार वाईट रात्र काढून शिकले. बिग साउथ फोर्क, केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरचं ते मोठं खोऱ्यांचं रान, तिथल्या हॉर्स कॅम्पात आम्ही होतो. ऑगस्ट होता, उकाडा भयंकर. त्या वर्षी यजमानही आले होते, दुसऱ्या गाडीने कॅम्पर ओढत. वीज होती, एसी लावला, दार लावून घेतलं आणि घरच्यासारखी झोप लागली. पहाटे साडेपाचला शेजारच्या कॅम्पातल्या बाईंनी दार वाजवलं. माझी घोडी आडवी पडून घामाने निथळत होती. आजूबाजूची माती खुरांनी उकरून खड्डा झालेला, पोटाकडे वळून वळून बघत होती. पोटशूळ. किती वेळ चालला होता कुणास ठाऊक, त्या बाई म्हणाल्या की त्यांना तीनच्या सुमाराला पाय आपटल्याचे आवाज आले होते, पण त्यांना वाटलं माश्या असतील. व्हेट दीड तासाने पोचला. घोडी वाचली. पण मी तिच्यापासून जेमतेम चाळीस फुटांवर झोपले होते आणि एसीच्या घरघरीत मला काहीही ऐकू आलं नाही, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्यानंतर मी जिथे जिथे घोडे नेले तिथे पहिला प्रश्न मऊ गादीचा नसतो. इथे पडल्यावर मला घोडा ऐकू येईल का, हा असतो.

तंबूचं कापड पातळ असतं. रात्री त्यातून काय काय ऐकू येतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला आणि लेकीला ओळख पटेल. घोडा वैरण चघळतो तो आवाज एका लयीत येतो, मधून मधून एक खोल फुरफुर. हे सगळ्यांत चांगलं. मग चघळणं थांबतं, एक लांब सुस्कारा, एक पाय जरा दुमडून उभं राहणं. घोडा दिवसभरात तीनेक तासच झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांत, आणि गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. आडवा झाला की धप्प असा आवाज येतो आणि नंतर कधी कधी चक्क घोरणं. यातलं काहीच काळजीचं नाही. काळजीचं असतं ते असं: एकाच जागी पुन्हा पुन्हा टाप आपटणं, जमीन उकरणं, आडवं होऊन लगेच उठणं आणि परत आडवं होणं, दोर ताणल्याची करकर. किंवा अचानक शांतता, दोघांचंही चघळणं एकदम थांबणं. तसं झालं की टॉर्च घेऊन उठायचं, आणि आधी बोलायचं, मग जायचं. अंधारात न बोलता कधीही घोड्यापाशी जाऊ नका, तो तुम्हाला रोज ओळखत असला तरी.

मी मूळची शहाद्याची. आमच्या तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तुम्हाला माहीत असेल. राजस्थान, गुजरात, पंजाबकडून घोडेवाले यायचे. मार्गशीर्षातल्या थंडीत वडील मला संध्याकाळी बाजार दाखवायला न्यायचे. ते लोक पालं टाकायचे, पण पालाच्या आत झोपताना मी फार थोड्यांना पाहिलं. बहुतेक जण अगाडी-पिछाडीने बांधलेल्या घोड्याच्या समोर, पेंढ्यावर घोंगडी पांघरून पडलेले असायचे. मला वाटायचं, गरिबी असेल. आता कळतं, लाखाचा घोडा कानापासून दूर कोण ठेवील?

आता तुमच्या पाठीकडे येऊ, कारण ती खरी अडचण आहे आणि तिला "सोसा थोडं" असं उत्तर मी देणार नाही. दुखऱ्या पाठीने सकाळी खोगीर उचलणारी बाई चिडचिडी होते, आणि चिडचिड घोड्याला लगेच कळते. जमिनीवर झोपू नका. घडीची कॅम्पिंग खाट घ्या, त्यावर तीन-चार इंच जाडीची फुगवायची गादी, आणि खालून थंडी वर येऊ नये म्हणून खाट आणि गादीच्या मध्ये एक घोंगडी. खाट अशी घ्या की कडेला बसलात तर पाय जमिनीला टेकतील. बुटक्या खाटेवरून उठताना पाठ खाट नसल्याइतकीच दुखते. दुकानात जाऊन त्यावर दहा मिनिटं झोपून बघा, लाजू नका. आणि तंबू दोघींचा असला तरी सहा माणसांचा घ्या, ज्यात उभं राहून पँट घालता येईल. वाकून कपडे बदलण्याने पाठ जितकी दुखते तितकी घोड्यावर बसूनही दुखत नाही. हे सगळं दोनशे डॉलरमध्ये होणार नाही हे यजमानांना आधीच सांगून टाका.

दुसरा एक मार्ग आहे, तोही मला आवडतो. घोडे उतरवून दावणीला बांधले की ट्रेलर रिकामा होतो. पुष्कळ जणी तो धुऊन, वाळवून, त्यातच खाटा टाकतात. लोखंडी छप्पर डोक्यावर, पावसाची चिंता नाही, मागचं दार अर्धं उघडं ठेवलं तर घोडेही ऐकू येतात. पण दोन गोष्टी. लघवीचा अमोनिया रबरी चटयांखाली मुरलेला असतो, त्यामुळे चटया उचलून खालची फळी धुवायची आणि पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर रात्रभर डोळे चुरचुरतात. आणि प्रोपेनचा हीटर किंवा शेगडी आत अजिबात पेटवायची नाही. बंद ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जमतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. मे महिन्यात हीटर लागणार नाही, पण पुढे ऑक्टोबरात जायची हौस आली तर हे वाक्य आठवा. पहिल्या ट्रिपला मात्र मी तंबूच सांगेन, कारण रात्री अचानक घोडे भरून निघायची वेळ आली तर ट्रेलरमधल्या खाटा काढत बसायला नको.

तंबू कुठे लावायचा हे तंबू कोणता घ्यायचा यापेक्षा महत्त्वाचं आहे. घोड्यांपासून तीस-चाळीस फुटांवर, त्यांना बघता येईल असा, पण घोडे आणि ट्रेलर यांच्या मधल्या वाटेत नको. सुटलेला घोडा अंधारात ओळखीच्या जागेकडे धावतो, म्हणजे ट्रेलरकडे, आणि त्याला तंबूच्या दोऱ्या दिसत नाहीत. मी ती वाट आणि तंबू यांच्या मध्ये पिकअप आडवा लावते. उताराच्या खाली लावू नका, लीद आणि पाणी दोन्ही तिकडेच येतात. आणि तंबू ठोकण्याआधी मान वर करून बघा. तुमच्या भागातले ॲश वृक्ष एमराल्ड ॲश बोरर या किड्याने मोठ्या प्रमाणावर मेलेत. वाळलेली ॲशची फांदी वारा नसतानाही पडते. साल सुटलेलं, पानं नसलेलं झाड वर दिसलं की जागा बदलायची, मग ती कितीही सपाट असो.

झाडांचाच विषय निघालाय तर, दावण कुठल्या झाडांना बांधता ते फार काळजीने बघा. इथे जिला हायलाइन म्हणतात ती म्हणजे आपली दावणच, फक्त डोक्याच्या वर. सात-आठ फुटांवर दोन जाड खोडांमध्ये दोर ताणून बांधायचा, खोडांना दोन इंच रुंद पट्टे लावून, म्हणजे सालीला काच पडत नाही. घोडे झाडांपासून दूर, मधल्या भागात. त्यांच्यामध्ये निदान दहा-बारा फूट. मोरखीचा दोर एवढाच लांब की नाक जमिनीला जेमतेम टेकेल. त्याहून जास्त ढील दिली की पाय अडकतो, आणि अडकलेला पाय सोडवताना घोड्याची कातडी जळते तशी सोलते. ओढ्यापासून आणि पायवाटेपासून दोनशे फूट लांब राहा. पण झाडं? रेड मेपल जवळ असलेली जागा घेऊ नका. त्याची कोमेजलेली पानं घोड्याला विष आहेत, रक्तातल्या लाल पेशी फोडतात. हिरव्या पानांपेक्षा वादळात तुटून सुकू लागलेल्या फांदीचा धोका जास्त, आणि मे महिन्यातल्या इंडियानात वादळ हमखास येतं. रानटी चेरीची कोमेजलेली पानंही तशीच घातक. जाडजूड ओक किंवा हिकरी बघा. शंका आली तर घोड्याच्या तोंडाच्या टप्प्यात येणारी प्रत्येक डहाळी बाजूला करा. कंटाळलेला घोडा जे पुढे येईल ते चघळतो, आणि दावणीला बांधलेला घोडा कंटाळतोच, म्हणून वैरणीची जाळी रात्रभर रिकामी होऊ देऊ नका. रिकाम्या पोटाचा घोडा पोटशुळाकडे लवकर जातो.

राजा-मनीने कधी दावणीवर रात्र काढली आहे का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत. बार्नमधले बहुतेक घोडे ठाणात किंवा कुरणात वाढलेले असतात, डोक्यावरच्या दोराला रात्रभर उभं राहायचं त्यांना माहीतच नसतं. हे जंगलात पहिल्यांदा शिकवायचं नसतं. एप्रिलमध्ये बार्नच्या मागे दोन खांब किंवा झाडं बघून दावण बांधा. पहिल्या दिवशी तासभर, तुम्ही समोर बसून. मग दुपारभर. मग एक पूर्ण रात्र, आणि त्या रात्री तुम्ही दोघी तिथेच नव्या तंबूत झोपा. पाठीची परीक्षा होईल, खाट नको वाटली तर परत करायला वेळ राहील, लेकीला अंधाराची सवय होईल आणि घरचा संडास शंभर पावलांवर असेल. या एका रात्रीत जे कळतं ते दहा पत्रांत मी सांगू शकणार नाही.

लेकीच्या भीतीबद्दल. तिला "घाबरू नकोस" म्हणू नका, काय काय ऐकू येईल ते आधी सांगा. मे महिन्यात व्हिपपुअरविल नावाचा रातपक्षी एकच शीळ शेकडो वेळा घालतो, थांबतच नाही. बार्ड घुबडं दोन-तीन मिळून ओरडली तर माकडं भांडताहेत असं वाटतं. कायोटी, म्हणजे इथले कोल्हे, लांबून हेल काढून ओरडतात. आणि रॅकून येणारच. ते लहान मुलासारख्या हातांनी डब्यांची झाकणं उघडतात, म्हणून चंदीचा डबा कुलूपवाला आणि ट्रेलरच्या आत. तंबूत खाणं ठेवलं नाहीत तर यातलं काहीही सहसा तंबूत शिरत नाही. तिला आधी युट्यूबवर हे आवाज ऐकवा, ओळखायचा खेळ करा. मग तिला सांगा की रात्री काही आवाज आला तर आधी मनीचे कान बघ. दोन्ही कान एका दिशेला ताठ असतील आणि ती चघळायची थांबली असेल तर आईला उठव. कान सैल असतील तर तो रॅकून. हे काम मिळालं की भीतीला बसायला जागा राहत नाही, मी माझ्या दोन्ही मुलींवर हे केलंय.

आता बाजूला ठेवलेल्या पैशांचं. ते खर्च करा, पण कॅम्परवर नाही, ज्या ट्रेलरमध्ये घोडे उभे राहतात त्याच्यावर. टायरच्या बाजूला चार आकडी डॉट कोड शोधा: २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनला. ट्रेलर उभाच असतो, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर चारही बदला, आणि स्पेअर विसरू नका. चटया उचलून फरशीच्या फळ्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत सहज गेला तर लाकूड कुजलंय, फळी बदलेपर्यंत एकही घोडा चढवायचा नाही. ब्रेक कंट्रोलर, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी), मागचे दिवे, सगळं मेकॅनिककडून तपासून घ्या. हे करून जे उरेल त्यात पाठीसाठीची खाट आणि चांगला तंबू. नऊ हजारांतले बरेच शिल्लक राहतील.

कागद: कॉगिन्सचा, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियाच्या रक्ततपासणीचा, निगेटिव्ह रिपोर्ट १२ महिन्यांच्या आतला, गाडीतच ठेवा. हूझियरमध्ये घोडेस्वाराला ट्रेल परमिट लागतं, ते आधी काढा. पुढे केंटकीकडे यायचं झालं तर व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेटही लागेल. पाणी पहिल्या दिवसापुरतं घरूनच न्या. ओळखीचा वास नसला की पुष्कळ घोडे पाणी पीत नाहीत आणि एका घोड्याला दिवसाला पाच ते दहा गॅलन लागतात. दोन आठवडे आधीपासून घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावलीत तर कॅम्पातल्या पाण्यातही तोच घालता येतो. राजाची आणि मनीची नाडी घरी शांत असताना मोजून लिहून ठेवा. मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. रात्री तीनला घोडा अस्वस्थ दिसला आणि नाडी साठच्या वर असली तर वाट बघायची नाही, व्हेटला फोन. कॅम्पाच्या जवळच्या मोठ्या जनावरांच्या व्हेटचा नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि सिग्नल कुठपर्यंत मिळतो ते आल्या दिवशीच गाडी चालवून बघून घ्या.

हवामान गुरुवारी बघा. तीव्र वादळाचा इशारा असेल तर जाऊ नका, बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ द्या. कॅम्पावर असताना विजा सुरू झाल्या तर तंबूत बसायचं नाही, दोघींनी पिकअपमध्ये बसायचं, काचा लावून. घोडे दावणीवरच राहतील, त्या वेळी त्यांना सोडवायला झाडाखाली जायचं नाही. हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण तुमच्या हातातला घोडा वीज पडली की उधळतो, आणि त्या वेळी तुमच्या लेकीला आई गाडीत हवी असते.

कॅम्परवर माझा राग आहे असं समजू नका. कधी घ्यावा तेही सांगते. यजमान यायला लागले, दुसरी गाडी आली, आणि तुम्ही ब्राउन काउंटी स्टेट पार्कच्या हॉर्समेन्स कॅम्पसारख्या ठिकाणी विजेच्या जागा घेऊ लागलात, तर कॅम्पर चांगला. नोव्हेंबरच्या थंडीत चांगला. गुडघे गेल्यावर तर चांगलाच. मी आता ६१ वर्षांची आहे, थंडीत मीही कॅम्परमध्येच झोपते. फक्त खिडकी घोड्यांच्या बाजूची असते, हातभर उघडी असते, पंखा बंद असतो, आणि दोन वाजता उठून एक फेरी होते. चार-पाच ट्रिपा तंबूत करा. पाठ तरीही कुरकुरली तर मला परत लिहा, तेव्हा आपण ट्रक बदलायचा की ट्रेलर यावर बोलू. तोवर त्या १७ फुटी कॅम्परच्या मालकाला नाही म्हणून टाका, दुसरं कुणीतरी घेईल.

आणखी एक, निघायच्या आधी रात्री करायचं काम. दोन्ही मोरख्यांना फोन नंबर लिहिलेली पट्टी लावा, म्हणजे घोडा सुटून कुणाला सापडला तर फोन करता येईल. त्यावर तुमचा नंबर लिहू नका, जंगलात तो लागणार नाही. घरी थांबलेल्या यजमानांचा लिहा, आणि त्यांना सांगा की त्या तीन रात्री फोन उशाशी ठेवून झोपायचं.